पत्ता मुलाकडे, भाडे मोठ्याकडे

ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर नऊ वर्षांची एक मुलगी स्वच्छतागृहाची आतून कडी लावून रडत बसली आहे. तिची आई न्यूयॉर्कहून मागाहून यायची होती, ती आलेली नाही. दाराबाहेर उभा असलेला तिशीतला माणूस तिच्या ना नात्याचा, ना गोत्याचा. लेख लिहायला अमेरिकेत गेलेला, एक ओळही न लिहिता नुसते फोटो काढून परत आलेला, खिशातले पैसे संपत आलेले. मुलीला आजीकडे जायचे आहे, पण आजीचे गाव आठवत नाही. मग तो दाराबाहेरून एकेका शहराचे नाव मोठ्याने वाचू लागतो आणि आतून प्रत्येक नावाला नकार येत राहतो. अखेर वुपरटालचे नाव येते आणि आतून होकार मिळतो. दोघे वुपरटालला जातात, गल्लीबोळ पालथे घालतात, आणि मग ती शांतपणे सांगते की आजी या गावात राहतच नव्हती. विम वेंडर्स यांच्या 1974 सालच्या 'ॲलिस इन द सिटीज' या चित्रपटातला हा प्रसंग. एक मूल, एक खचलेला प्रौढ आणि दोघांचा एकत्र प्रवास अशा चित्रपटांचे सारे मर्म त्या बंद दाराच्या दोन बाजूंना उभे आहे. आत जाण्याचे ठिकाण आहे आणि बाहेर तिथवर नेण्याची ऐपत आहे, तीही जेमतेम.

या जातीच्या चित्रपटांची परंपरा मोठी आहे आणि ती एका देशाची नाही. चॅप्लिनचा 'द किड' 1921 सालचा. त्यात लांबचा प्रवास नाही, पण फाटका माणूस आणि सोडून दिलेले पोर ही जोडी तिथेच घडली. 1948 साली व्हित्तोरिओ द सिका यांच्या 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये ती रोमच्या रस्त्यांवर दिवसभर पायी फिरली. सत्यजित राय यांचा 'अपूर संसार' 1959 साली आला. 1973 साली पीटर बोग्दानोविच यांचा 'पेपर मून' आणि लगेच पुढच्या वर्षी 'ॲलिस' आला. त्यानंतर जॉन कॅसाव्हेट्स यांचा 'ग्लोरिया' (1980), क्लिंट ईस्टवूड यांचा 'अ परफेक्ट वर्ल्ड' (1993), ब्राझीलच्या वाल्तेर सालेस यांचा 'सेंट्रल स्टेशन' (1998), जपानच्या ताकेशी कितानो यांचा 'किकुजिरो' (1999), आणि अगदी अलीकडे माइक मिल्स यांचा 'कमॉन कमॉन' (2021) व शार्लट वेल्स यांचा 'आफ्टरसन' (2022). आपल्याकडे 'श्वास', 'बजरंगी भाईजान', तमिळमधला 'के. डी.'. भाषा, काळ आणि वाहन बदलत गेले, पण जोडी टिकून राहिली. एवढी टिकाऊ गोष्ट केवळ प्रेक्षकाला रडवण्याच्या सोयीवर उभी असेल, हे पटत नाही.

या चित्रपटांविषयी एक ठरलेले वाक्य नेहमी वापरले जाते: मूल त्या माणसाला माणसात आणते. परीक्षणांत, जाहिरातींत, पुरस्कारांच्या मानपत्रांत हेच वाक्य फिरत असते. ते पूर्ण खोटे नाही, पण ते मान्य केले की मूल औषधाची बाटली होते. रोगी बरा झाला की बाटली फळीवर ठेवायची, तिला स्वतःचे दुखणे असण्याचे कारण नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या जातीचा प्रत्येक चांगला चित्रपट एका साध्या देवघेवीवर उभा असतो: पत्ता मुलाकडे असतो आणि भाडे मोठ्याकडे. मुलाला कुठे जायचे ते ठाऊक असते, पण तिथवर जाण्याचे साधन नसते. मोठ्याकडे गाडी, तिकीट, वय, परवाना सारे असते, पण कुठे जायचे हेच नसते. त्यामुळे चित्रपट कसा आहे हे पाहायचे तर मोठा किती बदलला हे मोजून चालणार नाही. मुलाचे जे काम घेऊन दोघे निघाले, ते शेवटपर्यंत मुलाचेच राहिले का, हे पाहिले पाहिजे. मोठ्याच्या डोळ्यांत पाणी येताच जो चित्रपट मुलाचा पत्ता विसरतो, तो कितीही गहिवरून सांगितलेला असो, कमअस्सल आहे.

पत्त्यापासून सुरुवात करू. ॲलिसकडे आजीच्या घराचा एक फोटो आहे आणि त्यात माणूस नाही, नुसते घर. 'सेंट्रल स्टेशन'मधला जोझुए नऊ वर्षांचा. त्याच्याकडे बापाचा ईशान्य ब्राझीलमधला पत्ता आहे, त्याच्या आईने पत्रासाठी सांगितलेला. 'किकुजिरो'मधल्या मासाओला उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात आईचा फोटो आणि तोयोहाशीचा पत्ता सापडतो. आता या पत्त्यांचे होते काय? आजीचे घर अखेर रूरच्या खाणपट्ट्यात सापडते, पण दार उघडणारी बाई वेगळीच असते. तिला आजीचा ठावठिकाणा माहीत नाही. जोझुएचा बाप दिलेल्या ठिकाणी राहत नाही. मासाओची आई दिलेल्या पत्त्यावर अगदी बरोबर सापडते, पण दारात तिचा नवा नवरा आणि लहान मूल असते, आणि पोरगा लांबूनच परततो. म्हणजे पत्ता हाती असतो आणि तरीही तो चुकतो. खरी गोष्ट त्या चुकण्यापासून सुरू होते. पत्ता बरोबर निघाला असता तर मोठा माणूस मूल दारात सोडून आपल्या वाटेने गेला असता. त्याची भूमिका टॅक्सीवाल्याएवढीच राहिली असती. पत्ता चुकतो तेव्हा मोठ्यापुढे पहिला खरा प्रश्न उभा राहतो: या मुलाला आता काय सांगायचे?

हे सांगणे हाच या चित्रपटांचा कणा आहे, आणि त्यात मोठ्या माणसाची लायकी जशी उघडी पडते तशी दुसऱ्या कशात पडत नाही. मासाओला घेऊन निघालेला किकुजिरो हा टोकियोतला उडाणटप्पू. बायकोने प्रवासासाठी दिलेले पैसे त्याने सायकल-शर्यतींच्या जुगारात घालवलेले. मासाओच्या आईचे दुसरे घर पाहिल्यावर तो पोराला सांगतो की ही ती बाई नव्हेच. मग तो दोन मोटारसायकलवाल्यांना दमदाटी करून त्यांच्याकडची देवदूताच्या आकाराची छोटी घंटा घेतो आणि ती आईनेच ठेवून दिली होती असे सांगून मासाओच्या हातावर ठेवतो. खोटे बोलणे आणि दमदाटी ही त्याची एवढीच विद्या, आणि ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामी येते. मग कितानो एक फार मोलाची गोष्ट करतात. पुढचा बराच वेळ चित्रपटात काहीच घडत नाही. किकुजिरो आणि रस्त्यात भेटलेली तीन मोठी माणसे नदीकाठी तळ ठोकून त्या पोराला रिझवण्यासाठी खेळ खेळत राहतात. मुलाचे दुःख सोडवता येत नाही, त्याच्या सोबतीला बसता येते, एवढेच त्या खेळांतून कळते. आणि किकुजिरो स्वतःच्या आईला भेटायला वृद्धाश्रमापर्यंत जातो, तिला दुरून पाहतो आणि न भेटताच निघतो. त्याच्याजवळही एक पत्ता होता. मुलाला तो पोहोचवू शकला, स्वतःला नाही.

'सेंट्रल स्टेशन'मधली डोरा ही निवृत्त शिक्षिका. रिओच्या मोठ्या रेल्वे स्थानकात टेबल मांडून ती निरक्षरांची पत्रे लिहून देते, पैसे घेते आणि घरी जाऊन त्यांतली कितीतरी पत्रे फाडते किंवा खणात टाकून देते. लोकांचे पत्तेच तिने अडवून ठेवलेले आहेत. जोझुएची आई बसखाली सापडते तेव्हा ती त्या पोराला मूल विकणाऱ्या टोळीच्या हवाली करते आणि त्या पैशांतून नवा टीव्ही घेते. मग मन खाते, ती त्याला सोडवून आणते, आणि दोघे बसने ईशान्येकडे निघतात. शेवटी जोझुएचे सावत्र भाऊ सापडतात. बाप घर सोडून गेला आहे, पण मागे त्याने जोझुएच्या आईच्या नावे एक पत्र ठेवले आहे. भावांना वाचता येत नाही. डोरा ते मोठ्याने वाचते आणि बापाला ज्यांना भेटायची आस आहे त्या नावांत, पत्रात नसलेले जोझुएचे नाव घालते. हा एक क्षण नीट पाहायला हवा. आयुष्यभर ती लोकांचे शब्द पोहोचवत नव्हती, आणि इथे न लिहिलेला शब्द पोहोचवते. तिच्या डोळ्यांत पाणी येते म्हणून ती बदलली असे चित्रपट म्हणत नाही. जो धंदा तिने नासवला होता त्याच धंद्यात ती एकदा सचोटीने वागते, आणि ती सचोटी खोट्याच्या रूपाने येते. पहाटे ती मुलाला भावांकडे ठेवून निघून जाते. मुलाचे काम पूर्ण होते, तिला मूल मिळत नाही. डोराची भूमिका करणाऱ्या फर्नांडा माँटेनेग्रो यांना बर्लिनच्या महोत्सवात अभिनयासाठी रौप्य अस्वल मिळाले आणि चित्रपटाला सुवर्ण अस्वल, ते या हिशेबीपणासाठीच मिळाले असे मी मानतो.

सत्यजित राय यांनी या पत्त्याच्या प्रश्नाला त्याच्या मुळाशी नेऊन हात घातला. 'अपूर संसार'मध्ये अपूची बायको अपर्णा बाळंतपणात गेली, त्या दुःखात त्याने मुलाला, काजलला, कधी पाहिलेच नाही. पाच वर्षांनी तो आजोळी येतो तेव्हा काजल त्याला ओळखत नाही, दगड मारतो. त्या पोराला एवढेच माहीत आहे की आपला बाप कलकत्त्यात असतो. अपू निघतो तेव्हा काजल त्याच्या मागे येतो आणि बापाकडे नेणार का, असे विचारतो. अपू हो म्हणतो. तो कोण, असे काजलने विचारल्यावर तो स्वतःला मित्र म्हणवतो आणि मुलाला खांद्यावर घेऊन चालू लागतो. मुलाजवळ पत्ता आहे, आणि ज्याचा पत्ता तोच समोर उभा आहे. फक्त त्या पत्त्यावर राहण्याचा हक्क त्याने अजून कमावलेला नाही. बाप म्हणवून घेण्याची घाई तो करत नाही आणि राय यांनीही केली नाही. प्रवास सुरू होण्याच्या क्षणी चित्रपट संपतो, तरी या जातीतला याहून पूर्ण शेवट मला माहीत नाही.

आता भाड्याकडे वळू. पैशांचा विषय हळव्या चित्रपटांत टाळला जातो, पण या जातीच्या उत्तम चित्रपटांत तो पैनपै मांडलेला असतो. 'पेपर मून' हा तर उधारीच्या हिशेबाचा चित्रपट आहे. 1930च्या दशकातल्या महामंदीत कॅन्ससच्या सपाट रस्त्यांवरून मोझेस प्रे हा ठक हिंडतो. नुकत्याच विधवा झालेल्या बायकांना गाठून, तुमच्या नवऱ्याने मागवलेले बायबल आणले आहे, असे सांगून तो पैसे उकळतो. त्याच्या सोबतीला आलेल्या नऊ वर्षांच्या ॲडीची आई मोटार अपघातात गेली. अपघाताला जबाबदार माणसाच्या भावाकडून मोझेस त्या मृत्यूच्या नावाने 200 डॉलर काढतो आणि ते स्वतःच वापरतो. ॲडी ते 200 डॉलर परत मागते, आणि साऱ्या चित्रपटभर तो आकडा दोघांमध्ये बसलेला राहतो. गिऱ्हाईक पाहून बायबलची किंमत वाढवायची की माफ करायची हे तिला त्याच्यापेक्षा जास्त कळते. म्हणजे इथे भाडेही मुलाचेच आहे, मोठा तिच्या पैशांवर प्रवास करतो आहे. शेवटी तो तिला सेंट जोसेफ गावी मावशीच्या घरी सोडतो. पत्ता बरोबर, घर चांगले, मावशी मायाळू. आणि ॲडी तिथून निघून पुन्हा त्याच्या मागे येते, कारण त्याने अजून 200 डॉलर फेडलेले नाहीत. प्रेम हा शब्द न उच्चारता प्रेम सांगण्याची याहून कोरडी आणि खरी रीत सापडणे कठीण. ॲडीचे काम करणारी टेटम ओ'नील तेव्हा सिनेमातही आणि घरीही आपल्या बापाबरोबर होती, कारण मोझेसच्या भूमिकेत रायन ओ'नील होते. तिला 1974 साली सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले तेव्हा ती 10 वर्षांची होती. स्पर्धेतले ऑस्कर मिळवणारी सर्वांत लहान व्यक्ती हा तिचा विक्रम अजून मोडलेला नाही.

वेंडर्स यांनी 'ॲलिस'च्या तयारीत असतानाच 'पेपर मून' पाहिला आणि आपला चित्रपट रद्द करायच्या विचारात ते पडले, इतके साम्य त्यांना दिसले. दिग्दर्शक सॅम्युएल फुलर यांच्याशी बोलल्यावर त्यांनी पटकथा बदलून काम पुढे नेले. झाले ते बरेच झाले, कारण दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की भाड्याची गोष्ट दोन अंगांनी कळते. ॲलिसला घेऊन फिरणाऱ्या फिलिपकडचे पैसे संपतात, तो तिला पोलिसांच्या हवाली करून गायक चक बेरीच्या कार्यक्रमाला जातो, आणि परत येतो तर ती पोलिसांकडून पळून त्याच्याकडे आलेली असते. शेवटी आई आणि आजी दोघींचा पत्ता लागतो, म्युनिकला जायचे आहे, आणि फिलिपकडे गाडीभाडे नाही. तेव्हा ॲलिस इतका वेळ जपून ठेवलेली 100 डॉलरची नोट बाहेर काढते. ज्याने तिला न्यायचे त्याला ती नेते. पण वेंडर्स या गोष्टीचे भांडवल करत नाहीत. ॲलिस म्युनिकला आईकडे चालली आहे, तिचे काम तिचेच राहिले आहे. फिलिपला सोबत मिळाली आणि अर्धवट राहिलेला मजकूर पुरा करण्याचा विचार मिळाला, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा की ही सारी भावनेची पिळवणूक आहे. अनाथ मूल दाखवायचे, कडू माणूस दाखवायचा, दोघांना एका गाडीत बसवायचे, आणि प्रेक्षक आपोआप विरघळतो. आक्षेप खोटा नाही. या जातीत वाईट चित्रपटांचे प्रमाण मोठे आहे आणि ते वाईट असण्याचे कारण हेच आहे. पण दोष जोडीचा नसून हिशेब न ठेवण्याचा आहे. 'बजरंगी भाईजान' घ्या. 2015 सालचा, कोट्यवधी लोकांनी मनापासून पाहिलेला. सहा वर्षांची मुलगी पाकिस्तानातून येऊन भारतात हरवते आणि तिला बोलता येत नाही, म्हणजे पत्ता तिच्याकडेच आहे पण तो सांगता येत नाही. कल्पना अस्सल आहे. तिला घरी पोहोचवणाऱ्या पवनचा प्रामाणिकपणा खरा वाटतो, आणि दोन देशांमधल्या कडवटपणावर बोट ठेवण्याचे धाडसही त्यात आहे. पण शेवटी सरहद्दीवर त्या मुलीला वाचा फुटते आणि पहिली हाक जाते ती पवनला. आईकडे पोहोचलेल्या मुलीचा आवाज मोठ्याच्या सत्काराला वापरला जातो. ज्या क्षणी तिचे काम पुरे झाले, त्याच क्षणी ते तिचे राहिले नाही. माझी कसोटी इथे काटेकोर वाटेल, पण तीच लावून 'सेंट्रल स्टेशन'मधली पहाट पाहा. डोरा निघून जाते तेव्हा जोझुए झोपलेला असतो. निरोपाची टाळी तिला मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. या चित्रपटांत पुरुष शहाणा व्हावा म्हणून बाईला मारले जाते किंवा गायब केले जाते. अपर्णा बाळंतपणात जाते, ॲडीची आई अपघातात, जोझुएची आई बसखाली. ॲलिसची आई विमानतळावर येत नाही. जे काम बाया रोज, बिनबोभाट, घरातल्या घरात करतात, तेच पुरुषाने चार दिवस रस्त्यावर केले की त्याचा चित्रपट होतो. डोरा आणि 'ग्लोरिया'मधली ग्लोरिया हे अपवाद. त्या दोघींना मूल नको असते आणि त्यांचा तिरसटपणा चित्रपट झाकत नाही, म्हणूनच त्या लक्षात राहतात. या आक्षेपाला खरे उत्तर शब्दांत देता येत नाही, चित्रपटातच द्यावे लागते, आणि ते माइक मिल्स यांनी 'कमॉन कमॉन'मध्ये दिले. तिथे रेडिओसाठी देशभरातल्या मुलांच्या मुलाखती घेणारा जॉनी आपल्या भाच्याला, जेसीला, काही आठवडे सांभाळतो, कारण जेसीची आई मानसिक आजाराने ग्रासलेल्या नवऱ्याच्या मागे धावते आहे. आई मेलेली नाही, पळालेली नाही. ती फोनवर सतत हजर आहे, भावाला सांगते आहे की हे असेच असते, मीही कंटाळते, मीही चुकते. मामाला जे नवे ज्ञान झाले असे वाटते ते तिने वर्षानुवर्षे केलेले काम आहे, हे चित्रपट स्पष्ट दाखवतो. त्यानंतर या जातीच्या दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाला आईला अपघातात मारून मोकळे होण्याची सबब उरलेली नाही.

तिसरा आक्षेप असा: अनोळखी माणसाबरोबर मूल प्रवासाला निघते, हे दाखवणेच धोक्याचे आहे. इथे मात्र चांगले चित्रपट आक्षेप घेणाऱ्यांच्या पुढे आहेत. 'किकुजिरो'मध्ये बागेत मासाओला गाठणारा नराधम आहे, 'सेंट्रल स्टेशन'मध्ये मुले विकणारी टोळी आहे आणि खुद्द डोरानेच मूल तिच्या हाती दिले आहे. 'अ परफेक्ट वर्ल्ड'मध्ये बुच हा तुरुंगातून पळालेला कैदी आहे आणि आठ वर्षांचा फिलिप पेरी त्याने ओलीस धरलेला आहे. बुच मुलाशी प्रेमाने वागतो आणि तोच बुच एका घरातल्या आजोबावर पिस्तूल रोखून त्याला मारायच्या बेतात येतो. मुलगा पाहतो, पिस्तूल उचलतो आणि बुचवर गोळी झाडतो. मोठ्याचा चांगुलपणा मुलाने गृहीत धरू नये, हे या चित्रपटाने जितके ठामपणे सांगितले तितके कुणी सांगितले नाही. पत्त्याची गोष्ट इथेही आहे, फक्त उलटी. पत्ता बुचकडे आहे: त्याच्या बापाने अलास्काहून पाठवलेले एक जुने कार्ड. ते मुलाला देण्यासाठी तो खिशात हात घालतो, बंदूक काढतो आहे असे समजून नेमबाज गोळी घालतो. मोठ्याने जपलेला पत्ता मुलापर्यंत जाता जाता मोठा मरतो.

चौथा आक्षेप पडद्यामागचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पडद्यावर मुलाच्या कामाचा मान राखायचा आणि पडद्यामागे मुलाच्या कामाचे पैसे लाटायचे, असे झाले तर सगळीच चर्चा फोल आहे. 'द किड'मधला जॅकी कूगन मोठा झाल्यावर त्याला कळले की त्याची प्रचंड कमाई आई आणि सावत्र बापाने उडवली आहे. त्याने 1938 साली दावा लावला आणि त्यातून 1939 साली कॅलिफोर्नियात बाल कलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. जोझुएची भूमिका करणारा व्हिनिशियस द ओलिव्हेरा हा रिओच्या विमानतळावर बूटपॉलिश करणारा मुलगा होता, तिथेच तो सालेस यांना दिसला. आपल्याकडे 2016 साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बाल कलाकारांना अटींसह मुभा मिळाली. त्यानंतरच्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि कमाईचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे ठेव म्हणून जमा. बाकीचा हिशेब आईबापांच्या हाती. पडद्यावरच्या मोझेसने ॲडीचे 200 डॉलर वापरले, तो प्रश्न पडद्याबाहेर अजून संपलेला नाही.

मराठीत या जातीचे चित्रपट थोडे आहेत, पण एक असा आहे की त्याला या परंपरेत मानाचे पान मिळायला हवे. 'श्वास' (2004) हा सहसा आजाराचा चित्रपट म्हणून सांगितला जातो. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला. भारताकडून तो ऑस्करलाही गेला. पण संदीप सावंत यांनी सांगितलेली गोष्ट प्रवासाची आहे. कोकणातला आजोबा नातवाला, परशाला, घेऊन पुण्याच्या डॉक्टरकडे येतो. डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. इथे पत्ता रुग्णालयाचा आहे आणि तो मोठ्यांनी काढलेला आहे. आपण कशासाठी आलो आहोत हे मुलालाच ठाऊक नाही. आणि डॉक्टर अडून बसतो: मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही. इतर चित्रपटांत पत्ता चुकल्यावर जो प्रश्न येतो, तो इथे पत्ता बरोबर निघाल्यामुळे येतो. मग ज्या दिवशी आजोबा नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतो आणि शहर दाखवत हिंडवतो, तो दिवस मुलाच्या मालकीचा होतो. अरुण नलावडे यांचा आजोबा रडत नाही, बोट दाखवत राहतो, आणि अश्विन चितळेचा परशा पाहत राहतो. आजोबा बरा होत नाही, मुलाचे डोळे वाचत नाहीत. पण जे जाणार आहे ते आधी मुलाला एकदा देऊन टाकायचे, हा व्यवहार चोख होतो.

तमिळमधल्या मधुमिता यांच्या 'के. डी.' (2019) या चित्रपटाने तीच दिशा दुसऱ्या टोकाने धरली. तिथे घरच्यांनीच ज्याला मारायचे ठरवले असा म्हातारा घरातून पळतो आणि त्याला कुट्टी हा अनाथ पोरगा भेटतो. म्हाताऱ्याच्या राहून गेलेल्या इच्छांची यादी तो पोरगा करतो आणि एकेक पुरी करायला लावतो. ही भूमिका करणाऱ्या नागा विशालला बाल कलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण गोष्ट थांबते ती म्हाताऱ्यापाशी नाही. कुट्टीचे पुढे काय, हा प्रश्न चित्रपट उचलतो आणि म्हातारा त्याचे शिक्षण मार्गी लागेल हे पाहतो. भाडे कसे फेडायचे हे त्या म्हाताऱ्याला समजले आहे.

आणि मग 'आफ्टरसन'. अकरा वर्षांची सोफी आणि तिचा तरुण बाप कॅलम तुर्कस्तानातल्या एका स्वस्त हॉटेलात सुट्टी घालवतात. पोहणे, जेवणे, छोट्या कॅमेऱ्याने एकमेकांचे चित्रण. बाप आतून ढासळतो आहे, मुलीला त्यातले थोडे दिसते, बरेच दिसत नाही. ती त्याला बरे करत नाही. तिला ते करता येणारच नव्हते. वीस वर्षांनी, त्याच्याच तेव्हाच्या वयाची झाल्यावर, ती त्या फिती पुन्हा पाहते. मूल माणसाला वाचवते या समजुतीचा हा सर्वांत शांत आणि सर्वांत निर्णायक इन्कार आहे. मुलावर मोठ्याचे ओझे टाकणे अन्याय आहे, हे वेल्स यांनी भाषण न करता दाखवले. आपण वाचवू शकलो नाही याचा दोष सोफीकडे नाही, पण ती आठवण मात्र तिच्याकडेच उरते.

म्हणून निवाडा असा. 'मूल मोठ्याला माणसात आणते' हे वाक्य आता बाजूला ठेवावे. ते मुलांवर लादलेले काम आहे, आणि ते काम त्यांनी मागितलेले नाही. ॲडीला तिचे 200 डॉलर हवे होते, जोझुएला बाप, मासाओला आई, परशाला काय होणार आहे ते कळायला हवे होते. ज्या चित्रपटांनी या मागण्या मोठ्याच्या पश्चात्तापापेक्षा वर ठेवल्या, तेच टिकले. मराठीत या वाटेने जाणाऱ्या नव्या दिग्दर्शकांना एवढीच विनंती की पटकथेत मोठा माणूस पहिल्यांदा रडतो त्या पानावर थांबावे, मुलाला कुठे जायचे होते ते आठवावे, आणि आधी त्याला तिथे पोहोचवावे.